एका अक्षराची दुरुस्ती पुरते का?

मे २०१८ मध्ये जाहीर झालेला सीव्हीई-२०१८-११११ हा दोष आज आपण तपासणार आहोत. गूगलच्या फेलिक्स विल्हेल्म यांना तो सापडला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ आणि ७, तसंच फेडोरा यांत तो होता. 'एक अक्षर राहून गेलं' अशीच ही गोष्ट सहसा सांगितली जाते. आपल्याला ते सांगणं अपुरं वाटतं.

आधी घडतं काय ते बघू. संगणक नेटवर्कला जोडला की त्यातला डीएचसीपी क्लायंट सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, 'मला पत्ता कोण देईल?' उत्तर देणारा खरा सर्व्हर आहे की शेजारी बसलेला भामटा, हे ओळखायची सोय साधारणपणे नसतेच. पत्त्यासोबत इतर पर्यायही येतात. नेटवर्कमॅनेजरची एक छोटी स्क्रिप्ट ते उचलून पुढच्या स्क्रिप्टांना देत असे, तेही रूटच्या अधिकारानं.

स्क्रिप्ट लिहिणारा बेफिकीर नव्हता, हे मान्य करायला हवं. 'डिक्लेअर' ही आज्ञा मूल्यं अवतरणचिन्हांत नीट बांधून देते. मूल्यातच अवतरणचिन्ह असेल तर त्याच्याआधी बॅकस्लॅश घालते. पण पुढच्या ओळीत 'रीड' होतं, आणि '-आर' नसेल तर 'रीड' बॅकस्लॅश गिळून टाकतं. बांधलेली गाठ तिथेच सुटते. अवतरण मध्येच संपतं आणि उरलेला मजकूर 'इव्हॅल'च्या हातात आज्ञा म्हणून पडतो. दोन्ही आज्ञा आपापल्या नियमानं बरोबर वागल्या. चुकला तो त्यांच्यातला सांधा.

दुरुस्ती काय झाली? 'रीड'ला '-आर' जोडलं. भोक बुजलं, हे खरं. पण 'इव्हॅल' जागेवरच राहिलं! आमचा आक्षेप नेमका इथे आहे. अनोळखी माणसानं पाठवलेला मजकूर रूटच्या अधिकारानं पुन्हा आज्ञा म्हणून वाचायचा, आणि सुरक्षितता अवतरणचिन्हांच्या भरवशावर सोडायची, ही रचना तशीच राहिली.

बरं, इशारा आधी मिळाला नव्हता असंही नाही. २०११ मध्ये सीव्हीई-२०११-०९९७ आला. तेव्हा आयएससीच्या डीएचसीपी क्लायंटमध्ये सर्व्हरनं पाठवलेल्या होस्टनावातली शेलची खास चिन्हं गाळली जात नव्हती. २०१४ मध्ये शेलशॉक आला. तो बॅशचा दोष, पण डीएचसीपीची उत्तरं हा त्याच्यापर्यंत पोचण्याचा एक मार्ग होता. तीन दोष वेगवेगळे, वाट मात्र एकच: बाहेरचा मजकूर थेट शेलपर्यंत.

'मग शेल सोडायचं का?' असं कुणी विचारेल. तसं नाही. मूल्य शेवटपर्यंत मूल्यच राहू द्यावं, मधे त्याची आज्ञेची ओळ करू नये. होस्टनाव असेल तर अक्षरं, अंक, टिंब आणि जोडरेघ एवढंच आत घ्यावं. पत्ता बसवायला मोठे अधिकार लागतात. बाकीचे पर्याय वाचायला ते कशाला?

तुमच्यापैकी जे सर्व्हर सांभाळतात, त्यांनी आपल्या स्क्रिप्टांमध्ये 'इव्हॅल' शोधून बघावं. जिथे सापडेल तिथे एकच प्रश्न विचारा: यात येणारा मजकूर मुळात कुणाच्या हातून आला? उत्तर 'नेटवर्कवरून' असेल, तर एक अक्षर घालून थांबू नका.