'पुष्पक' आणि शंबूक

वर जाऊन परत येणारे अग्निबाण आता आपल्या मुलांनी मोबाईलवर पाहिले आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फाल्कन-९ चा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरला. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी टेक्सासमध्ये स्टारशिपचा बूस्टर मनोऱ्याच्या लोखंडी हातांनी हवेतच झेलला. एकदा वापरून समुद्रात टाकायची वस्तू पुन्हा वापरता येते, हे माणसाच्या बुद्धीने सिद्ध केले. त्याचे कौतुक करताना हात आखडण्याचे कारण नाही.

इस्रोचे पंखवाले यानही २ एप्रिल २०२३ रोजी साडेचार किलोमीटर उंचीवर हेलिकॉप्टरमधून सोडले गेले आणि चित्रदुर्ग जिल्ह्यातील धावपट्टीवर आपले आपण उतरले. २०२४ मध्ये हा प्रयोग आणखी दोनदा यशस्वी झाला. आमचा आक्षेप यानाला नाही, त्याच्या नावाला आहे. नाव आहे 'पुष्पक'.

नाव ही निव्वळ खूणचिठ्ठी नसते. कोणाची स्मृती जपायची आणि कोणाची पुसायची, हे नाव ठरवते. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात राम पुष्पकाचे स्मरण करतो. ते हजर होते. त्यात बसून तो दिशा धुंडाळतो. कशासाठी? तप करणाऱ्या शूद्राच्या शोधासाठी. शंबूक सापडतो आणि त्याचे शिर उडवले जाते. चातुर्वर्ण्य दंडाशिवाय टिकत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली याच कथेच्या आधारे दाखवून दिले.

उत्तरकांड प्रक्षिप्त आहे, असे पंडित म्हणतील. असेल. पण कथा शतकानुशतके सांगितली गेली, तिचा धाक खरा होता. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात शंबूक नव्हता, असेही कोणी म्हणेल. आमचे दुखणे तेच आहे. त्यांच्या मनात तो येतच नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाने नागरिकाचे कर्तव्य मानले. इथे मात्र विज्ञानाचे बारसे पुराणाच्या पाळण्यात होते.

हा प्रश्न आमच्या दारात आला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा होणार आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटींना मंजुरी दिली. तिथे आमची मुले संशोधनाला बसतील, की फाटकावर पहाऱ्याला उभी राहतील? संशोधन हे आजचे तप आहे. वर्गात पदार्थविज्ञान शिकणारा प्रत्येक दलित मुलगा, प्रत्येक मुलगी शंबूकाचा वारस आहे.

यान परत येते, हे आम्ही पाहिले. आता शंबूक परत आला पाहिजे; मान ताठ ठेवून, प्रयोगशाळेत.