पडदा कोणाचा? मालेगावच्या चित्रपटांच्या निमित्ताने

यंत्रमागांच्या खडखडाटात जगणाऱ्या मालेगावचे नाव वर्तमानपत्रांत बहुधा दंगलीच्या नाहीतर बॉम्बस्फोटाच्या बातमीत येते. २००८ साली फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि गावाची वेगळी ओळख बाहेर पोहोचली. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्या ओळखीवर मुंबईचीही मोहोर उठली.

नासिर शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. व्हीसीआरने चित्रपट गल्लीत आणला. पण माल परक्याचा, त्यामुळे पायरसीच्या छाप्यांची भीती कायम. नासिरभाईंनी यावर तोडगा काढला तो असा की, दुसऱ्याची कॅसेट लावण्यापेक्षा आपलाच चित्रपट काढावा. २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. लग्नाचे चित्रण करणारा कॅमेरा, घोड्यांच्या जागी सायकली आणि मागावरचे कामगार नट म्हणून. खर्च इतका थोडा की गावातल्या प्रेक्षकावरच तो भागावा. मोठ्या उद्योगाला जे तंत्र संकट वाटले, तेच या माणसांचे भांडवल झाले.

पुढे सीडी आली, घरोघर चित्रपट पोहोचला आणि पार्लरचे दिवस सरले. आज खानदेशी विनोदी फिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात. प्रेक्षक गावाबाहेर पसरला; परंतु मोबदल्याचे नियम मात्र दूरची कंपनी ठरवते. पार्लरच्या दारात पैसे मोजणारा हात निदान आपल्या ओळखीचा होता.

कागतींच्या चित्रपटातला लेखक फरोग स्वतःच्या कथेचा आग्रह धरतो. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. विडंबनाने हसू आले, गल्ला जमला. परंतु कारखान्यातली रात्रपाळी, कर्ज, शिक्षण सुटलेली पोरे हे विषय बाजूलाच राहिले. स्त्री तर त्याहून दूर. नटी बाहेरगावाहून आणावी लागे; गावातल्या मुलीला कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची मुभा नव्हती. तंत्र बदलले, उंबरठा तसाच राहिला. याचा दोष मुंबईच्या माथी मारता येणार नाही.

कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मालेगावने नक्कल करून हसवले, हे थोडे नव्हे. आता त्याने, आणि त्याच्या लेकींनीही, आपले दुखणे आपल्या बोलीत सांगावे.