मुदत आणि निर्मिती: ‘जुगारी’च्या निमित्ताने

कादंबरीलेखनास मुदतीचे बंधन पोषक ठरते की मारक, हा वाद जुना आहे. नियतकालिकांतील क्रमशः लेखनाने तो एकोणिसाव्या शतकात उभा केला. एका महिन्यात ५०,००० शब्द लिहून काढण्याचा जो उपक्रम १९९९ साली अमेरिकेत सुरू झाला, त्याने तो हौशी लेखकांपर्यंत नेला. मुदतीचा पुरस्कार करणारे एक उदाहरण हमखास पुढे करतात. दोस्तोव्हस्कीने ‘जुगारी’ ही कादंबरी २६ दिवसांत पुरी केली, हे ते उदाहरण होय. ते खरे आहे. मात्र त्यावरून घाईच निर्मितीला चालना देते असा जो निष्कर्ष काढला जातो, तो तपासून पाहावयास हवा.

बंधू मिखाईल ह्यांच्या १८६४ मधील मृत्यूनंतर त्यांच्या मासिकाच्या कर्जाचा भार दोस्तोव्हस्कीवर पडला. १८६५ च्या उन्हाळ्यात त्याने स्तेलोव्हस्की ह्या प्रकाशकाशी ३,००० रूबलांचा करार केला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी हाती न आल्यास पुढील नऊ वर्षे दोस्तोव्हस्की जे लिहील ते मोबदला न देता छापण्याचा हक्क प्रकाशकास मिळावयाचा होता. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळही लिहिलेली नव्हती. मित्रांनी प्रकरणे वाटून घेऊन लिहावीत, अशी सूचना पुढे आली. परक्याच्या लेखनाखाली आपले नाव घालण्यास त्याने नकार दिला. अखेर ४ ऑक्टोबरला आन्ना स्नित्किना ही वीस वर्षांची लघुलेखिका कामावर आली. रात्री टिपणे करावयाची, दुपारी मजकूर सांगावयाचा, आणि तिने घरी लिहून आणलेली प्रत दुसऱ्या दिवशी तपासावयाची, असा क्रम २९ ऑक्टोबरपर्यंत चालला. प्रकाशक गावी नव्हता. तेव्हा हस्तलिखित पोलीस ठाण्यात देऊन पोच घेण्यात आली.

ही हकीकत नाट्यपूर्ण आहे आणि तिच्या नाट्यामुळेच तिचा पूर्वार्ध झाकला जातो. १८६३ च्या सप्टेंबरात रोमहून स्त्राखोव्हला लिहिलेल्या पत्रात ह्या कथेचा आराखडा आढळतो. मायदेशापासून तुटलेला एक रशियन तरुण आपली सारी जीवनशक्ती रूलेटच्या चक्रावर उधळतो, ही मूळ कल्पना त्यात स्पष्ट आहे. त्याच वर्षी व्हीसबाडेन आणि बाडेन-बाडेन येथे, आणि १८६५ साली पुन्हा व्हीसबाडेन येथे, लेखक स्वतः त्या टेबलाशी बसून हरलेला होता. म्हणजे लेखन २६ दिवसांचे असले तरी अनुभवद्रव्य तीन वर्षे मुरत होते. मुदतीने ते निर्माण केले नाही. ते कागदावर उतरविणे तेवढे अटळ केले.

शिवाय ह्या कादंबरीचा घाटच घाई पेलणारा आहे. ‘एका तरुणाच्या टिपणांतून’ हे तिचे उपशीर्षक अर्थपूर्ण आहे. अलेक्सेई इव्हानोविच आपली टिपणे महिनाभर बाजूस ठेवतो. शेवटी तर एक वर्ष आठ महिन्यांचे अंतर पडते. त्रयस्थ निवेदनात असे खंड रचनेतील दोष ठरले असते. येथे ती जुगाऱ्याच्या विस्कटलेल्या आयुष्याची खूण होते. आजीबाईंच्या मृत्यूच्या तारेची वाट पाहणाऱ्या कुटुंबापुढे त्या आजीबाईच खुर्चीत बसून अवतरतात आणि स्वतः जुगारात हरतात. हे प्रसंग आजही तितकेच ताजे वाटतात, कारण सांगणाऱ्याची अधीरता आणि कथेतील अधीरता येथे एकजीव झाल्या आहेत.

पण जेथे ही एकजीवता नाही तेथे घाई उघडी पडते. पोलिनाच्या मनाची गुंतागुंत अनेक ठिकाणी सूचित होऊन तशीच राहते. आणि तिचे अलेक्सेईवर प्रेम होते हे अखेरच्या प्रकरणात मिस्टर अॅस्टलीच्या तोंडून कळविले जाते. जे प्रसंगांतून उमलावयास हवे होते ते संवादातून सांगून टाकावे लागले.

ह्याच लेखकाचे त्याच काळातील दुसरे उदाहरण शेजारी ठेवले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १८६५ च्या नोव्हेंबरअखेर ‘गुन्हा आणि शिक्षा’चे बरेचसे लेखन तयार झाले होते, ते त्याने जाळून टाकले आणि नव्या घाटाने पुन्हा आरंभ केला. प्रथमपुरुषी कबुलीजबाब म्हणून कल्पिलेल्या त्या कथेला त्रयस्थ निवेदन लाभले. तेव्हाही कर्ज होते, निकडही होती. पण लिहिलेले नाकारण्यास अवधी होता. ‘जुगारी’च्या वेळी तो नव्हता. मुदत लेखकाचा वेळ घेते, हे सर्वांनाच दिसते. ती त्याचा लिहिलेले टाकून देण्याचा अधिकारही घेते, हे मात्र क्वचितच ध्यानात येते.

मराठी वाचकास येथे हरिभाऊ आपट्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८९० पासून ‘करमणूक’मधून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली, तेव्हा छापून गेलेला मजकूर मागे घेण्याची सोय त्यांनाही नव्हती. यमूने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली कथा असल्यामुळे तिच्यातील पाल्हाळ आणि पुनरुक्ती बऱ्याच अंशी स्वभावदर्शनात सामावून जातात. उलट, हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा मुदत सर्वस्वी त्याज्य मानण्याचे कारण नाही. द्रव्य मुरलेले असेल आणि घाट सापडलेला असेल, तर ती लेखकाचा संकोच दूर करते. ह्या दोहोंपैकी एकही नसताना तिच्यावर विसंबणारा लेखक ठरल्या दिवशी पाने पुरी करील. पण त्यांतील कोणती पाने जाळावयाची हे ठरविण्याचे काम तेव्हाही शिल्लकच राहील, आणि त्याला मुदत घालून देता येत नाही.