रॅकेट एकटी खेळत नाही: चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोर्टांवरून एक परीक्षण

(व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत पुस्तकांवर, नाटकांवर बोलणारे पुष्कळ येऊन गेले. रॅकेटवर बोलायला आम्हीच पहिले असू. संयोजकांना आम्ही विचारलं, रॅकेटवर तासभर काय बोलायचं? ते म्हणाले, पुस्तकाचं परीक्षण करतात तसं करा. चांगलं काय, वाईट काय, आणि का, ते सांगा. तेवढंच करणार आहोत.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. चंद्रपुरात रोज संध्याकाळी खेळणारे सात-आठ जण. त्यात शिक्षक आहेत, वीज केंद्रातून निवृत्त झालेले आहेत, एक जण घरीच गटिंग करतो. मोठी स्पर्धा कोणी जिंकलेली नाही. पण वीस-पंचवीस वर्षांत लाकडाच्या, स्टीलच्या, अॅल्युमिनियमच्या आणि कार्बनच्या मिळून बऱ्याच रॅकेट हातून गेल्या. काही आम्ही मोडल्या, काहींनी आम्हाला मोडलं. (हशा)

आता एक चूक कबूल करतो, कारण हे सगळं बोलणं त्या चुकीतून आलं आहे. एका वनरक्षकाची मुलगी आमच्याकडे खेळायला यायची. वय तेरा. पाय चपळ, नजर तेज. तिचे वडील म्हणाले, "भाऊ, तुम्ही सांगान तेच घेतो." आम्ही सांगितली ती चांगली महागाची, पुढून जड, ताठ दांडीची रॅकेट. वर २७ पाउंडाची गटिंग. मोठे खेळाडू असंच वापरतात ना! वडिलांनी पतसंस्थेतून पैसे उचलले. तीन महिन्यांत पोरीचं कोपर दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हात थांबवा. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ असे वयोगट असतात. तिचं १४ खालचं ते शेवटचं वर्ष होतं. ते गेलं. रॅकेट वाईट नव्हती. सल्ला वाईट होता, आणि तो आमचा होता.

तेव्हापासून 'सर्वात चांगली रॅकेट कोणती?' या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नाही. 'कुणाच्या हातात, कुठल्या कोर्टावर, कुठल्या फुलाशी?' असं उलट विचारतो.

खेळाचे नियम रॅकेटबद्दल काय म्हणतात पाहा. लांबी ६८० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, रुंदी २३० पेक्षा जास्त नको. वजन किती असावं, तोल कुठे असावा, दांडी किती ताठ असावी, यावर नियम गप्प आहेत. दुकानात जे विकलं जातं ते सगळं या गप्प जागेतलं आहे. म्हणून तिथे आपण बोललं पाहिजे.

पहिली गोष्ट, वजन. योनेक्सच्या रॅकेटवर ३यू, ४यू, ५यू लिहिलेलं असतं. ३यू म्हणजे साधारण ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. आकडा वाढला की वजन कमी. दुकानात कितीतरी लोक याच्या उलट समजून घेऊन जातात.

दुसरी गोष्ट, तोल. तो वजनापेक्षा महत्त्वाचा. कुऱ्हाड आणि कोयता हातात धरून पाहा. कुऱ्हाडीचं वजन पुढे. एकदा फिरवली की घाव तीच घालते, पण मध्येच दिशा बदलायची म्हटलं तर मनगट सांगतं, जमणार नाही. कोयता पाहिजे तिकडे वळतो, पण जोर आपला लावावा लागतो. रॅकेटचं तसंच. योनेक्सची अॅस्ट्रॉक्स, व्हिक्टरची थ्रस्टर ही कुऱ्हाडीच्या जातीची. नॅनोफ्लेअर, ऑरास्पीड कोयत्याच्या. आर्कसेबर मधली.

मात्र डब्यावरचा तोल आणि हातातला तोल एकच नसतो. आपल्याकडे घाम किती येतो! मूळ ग्रिपवर लोक एक ओव्हरग्रिप गुंडाळतात, त्यावर दुसरी. एक ओव्हरग्रिप साधारण ५ ग्रॅमची. आम्ही हिशोब केला, मग बोटावर रॅकेट तोलून पाहिली. एका ओव्हरग्रिपने तोल जवळजवळ एक सेंटिमीटर मुठीकडे सरकतो. दोन गुंडाळल्या की पुढून जड म्हणून घेतलेली रॅकेट मधल्या तोलाची होते. पैसे कुऱ्हाडीचे दिले आणि खेळलो कोयत्याने! पुढून जड रॅकेट मऊ वाटते, जोर नाही, अशी तक्रार आली की आम्ही आधी ग्रिप उकलून बघतो.

तिसरी गोष्ट, दांडी. ती समजावून सांगायला आपल्या जिल्ह्यांत तरी पुस्तक लागू नये. बुरूड बांधव कांब हातात घेतात, वाकवतात, सोडतात आणि तिची टोपली होईल की सूप ते ठरवतात. लवचीक दांडी मागे वाकते आणि परत येताना फुलाला ढकलते. हात सावकाश फिरणाऱ्याला ती मदत करते. ताठ दांडी झटकन परत येते, अचूक असते, पण तिला वाकवायलाच हातात वेग लागतो. तो नसेल तर ती वाकतच नाही, आणि फटक्याचा हादरा कोपरात जातो. त्या मुलीचं हेच झालं.

चौथी गोष्ट, गटिंग. जास्त पाउंड म्हणजे जास्त जोर, हा आपल्याकडचा सर्वात पक्का गैरसमज. खाटेची नवार आठवा. जरा सैल असली की पोरं उड्या मारतात आणि नवार त्यांना वर फेकते. करकचून ताणली की उसळी जाते. तसंच इथे. २०-२२ पाउंडाला फूल स्वतःहून लांब जातं, फटका मधोमध बसला नाही तरी चालतं. २७-२८ ला फूल जिथे पाहिजे तिथे जातं, पण जोर सगळा तुमचा, आणि चुकीला माफी नाही. शिवाय ताण गटिंगनंतर पहिल्या काही दिवसांतच उतरायला लागतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवली तर विचारूच नका.

पाचवी गोष्ट रॅकेटची नाहीच, पण रॅकेटचं यश-अपयश तीच ठरवते. ती म्हणजे हवा. नायलॉनच्या फुलाच्या बुडाशी पट्टी असते. हिरवी म्हणजे हळू, निळी मध्यम, लाल वेगवान. निळी पट्टी साधारण १२ ते २३ अंशांच्या हवेसाठी, हिरवी २२ ते ३३ साठी. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पारा ४५ च्या वर जातो, रात्री आठलाही भट्टीच. गरम हवा विरळ असते, फूल पळतं. आम्ही कित्येक वर्षं बारा महिने निळ्या पट्टीचं फूल वापरलं आणि उन्हाळ्यात 'या रॅकेटला कंट्रोल नाही' म्हणून रॅकेट बदलल्या. बदलायची होती पट्टी.

आणि वारा. हॉल आहेत, नाही असं नाही. पण दिवाळीनंतर गावोगाव जे बॅडमिंटन चालतं ते उघड्यावर. दोन बांबू, एक जाळी, चुन्याची आखणी, वर एक हॅलोजन. त्याला कमी लेखायचं कारण नाही. या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या इंग्रज छावणीत बांधले गेले असं मानतात. तेही उघड्यावरच खेळत. उघड्यावर फूल शेवटच्या क्षणी वाकडं जातं. तिथे कुऱ्हाड उशिरा पोचते, कोयता पोचतो.

हे सगळं नीट तपासावं म्हणून आम्ही एक खेळ केला. चार जातींच्या चार रॅकेट घेतल्या, नावांवर काळी टेप लावली. सगळ्यांना एकच तार, २३ पाउंड, एकच ग्रिप. आधी हॉलमध्ये खेळलो, मग मैदानावर. शास्त्रीय प्रयोग म्हणू नका, चार मित्रांची खोड म्हणा. हॉलमध्ये पुढून जड रॅकेटचं कौतुक झालं, स्मॅशचा आवाजच असा की मन भरतं. मैदानावर तिलाच लोकांनी खाली ठेवलं. आणि टेप काढल्यावर आमच्यातला एक जण गप्प झाला. ज्या ब्रँडशिवाय तो दुसरं हातात धरत नाही, त्याच ब्रँडच्या रॅकेटला त्याने 'ही कुणाची भंगार?' म्हटलं होतं. (हशा)

कुणी म्हणेल, जोरासाठी तरी पुढून जडच पाहिजे ना? २०२३ च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारला, गिनीजमध्ये नोंद झाली. हातातली रॅकेट होती नॅनोफ्लेअर, म्हणजे पुढून हलकी जात. ती मोजणी सामन्यातली नव्हती, मुद्दाम केलेली चाचणी होती, हे खरं. पण जोर हाताच्या वेगातून येतो, रॅकेट तो फक्त पुढे पोचवते, एवढं त्यातून दिसतं. त्याच्याही मागे जायचं तर सांगलीचे नंदू नाटेकर पाहा. १९५६ साली परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. तो लाकडी रॅकेटचा जमाना. पावसाळ्यात वाकू नये म्हणून प्रेसमध्ये आवळून ठेवायची रॅकेट!

नागपूरच्या मालविका बनसोडने २०२२ मध्ये इंडिया ओपनला सायना नेहवालला हरवलं, तेव्हा इकडची पोरं विचारत होती, "सर, ती कोणती रॅकेट वापरते?" ती रोज किती तास खेळते, हे कुणी विचारलं नाही.

मग आमचा निकाल काय? शाळेला, आश्रमशाळेला, जिथे एक रॅकेट दहा हातांत फिरते, तिथे अॅल्युमिनियमची चौकट आणि स्टीलची दांडी असलेली साधी रॅकेट. तिला जाणकार हसतात. पण ती सिमेंटवर आपटली तर वाकते, सरळ करता येते. कार्बनला तडा गेला की संपलं. तिची खोट अशी, की वजन जास्त आणि हादरा जास्त. वर्षभर नियमाने खेळणाऱ्या मुलाला ती पुढे नको. त्याला ४यू, मधला तोल, लवचीक किंवा मध्यम दांडी, २० ते २२ पाउंड. उघड्यावर जोडीने खेळणाऱ्याला पुढून हलकी. पुढून जड आणि ताठ रॅकेट ज्याचा हात तयार आहे, हॉल मिळतो आणि कोच बघतो, त्यालाच. आणि पैसे मोजके असतील तर महाग रॅकेट एक घेण्यापेक्षा मधल्या दराची घ्या, उरलेल्यात दोनदा गटिंग आणि फुलांचे डबे. अहेरीकडचे एक तरुण शिक्षक एसटीने आमच्याकडे गटिंगला रॅकेट पाठवतात. तार तुटली की आठवडा जातो. अशा माणसाला पातळ नाजूक तार सांगणं हा गुन्हा आहे. त्याला ०.७० मिलिमीटरची जाड तार द्या, ती टिकते.

(श्रोत्यांतून प्रश्न: त्या मुलीचं पुढे काय झालं?)

आली परत. आठ महिन्यांनी. आता हातात मधल्या तोलाची ४यू आहे, २१ पाउंड. ती महागाची रॅकेट तिच्या वडिलांनी विकली नाही, घरी भिंतीवर टांगली आहे. आम्ही विकत घेतो म्हटलं, तर म्हणाले, "राहू द्या भाऊ, पोरीचा हात तयार झाला म्हणजे काढू." परवा तिने आम्हाला विचारलं, "काका, आता काढू का ती?" आम्ही तिला सांगितलं, आम्हाला नको विचारू. दहा मिनिटं खेळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराला विचार.