धातुता आणि ताऱ्यांचे वय : डॉ. जयंत नारळीकरांच्या एका कसोटीची चिकित्सा

जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या गर्भात घडतात, याची सविस्तर मांडणी १९५७ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉयल यांनी केली. त्यावरून ज्या ताऱ्यात ‘धातू’ (म्हणजे खगोलशास्त्राच्या परिभाषेत हायड्रोजन व हेलियम वगळता सर्व मूलद्रव्ये) कमी, तो तारा जुना, असे समीकरण अध्यापनात रूढ झाले. हे समीकरण सदोष आहे. स्वरमंडल तारकासमूहातील एनजीसी ६७९१ हा तारकागुच्छ सुमारे ८ अब्ज वर्षांचा, म्हणजे सूर्याहून कितीतरी वडील. तरीही त्यातील लोहाचे प्रमाण सूर्याच्या दुपटीच्या घरात आहे. धातुता ही मुख्यतः जन्मस्थळाची खूण होय. वय तिच्यावरून फारतर अंदाजाने सांगता येते.

हॉयल यांचे शिष्य डॉ. नारळीकर यांनी हॉयल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ साली महास्फोटाला पर्यायी विश्वप्रतिमान मांडले. त्यात विश्व सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनांतून जाते. साहजिकच मागील आवर्तनातील तारे आजही आढळावयास हवेत. सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचा तारा तांबड्या राक्षसी अवस्थेस पोहोचण्यास ४०-५० अब्ज वर्षे घेतो; असा तारा सापडला, तर महास्फोटाचे १३.८ अब्ज वर्षांचे विश्व अडचणीत येईल. कसोटी प्रामाणिक आहे, आणि धातुतेवर विसंबत नाही हे तिचे बळ.

केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२२ साली असे हलके राक्षसी तारे प्रत्यक्ष नोंदले गेले. मात्र जोडीदार ताऱ्याने त्यांचे बाह्य आवरण ओढून नेले, असा अर्थ लावण्यात आला. कारण एकट्या ताऱ्यास तेथवर येण्यास विश्वाच्या वयाहून अधिक काळ लागेल! येथे तर्क वर्तुळाकार होतो. त्याच पाहणीतील अपेक्षेहून क्षीण तेजाच्या ताऱ्यांमुळे आवरण-हानीस निराळा आधार मिळतो, हे खरे. परंतु विश्वाचे वय गृहीत धरून त्याच वयाची परीक्षा घेता येत नाही.

स्वतंत्र घड्याळ जड मूलद्रव्यांतच आहे. सीएस ३१०८२-००१ या ताऱ्यातील युरेनियमवरून २००१ साली त्याचे वय १२.५ अब्ज वर्षे ठरले, त्रुटी ३ अब्ज वर्षांची. एवढ्या त्रुटीने १२ आणि १४ यांत निवाडा होत नाही. १४ आणि ४० यांत सहज होतो. चाळीस अब्ज वर्षांत युरेनियम-२३८ मूळच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्यावर येईल, थोरियम मात्र सातव्या हिश्श्याइतके उरेल.