रक्तातली कर्कपेशी : सापडली, पुढे काय?

रक्ताच्या एका नळीवरून कर्करोग ओळखता येतो, अशा बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार वाचनात येतात. त्यांमागील विज्ञान खोटे नाही. मात्र बातमीतून वाचक जो अर्थ घेतो, तो विज्ञानाच्या पुष्कळ पुढे गेलेला असतो. हे अंतर कोठे पडते ते पाहू.

मूळ निरीक्षण जुने आहे. कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी असल्याची नोंद ऑस्ट्रेलियात थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी १८६९ मध्ये केली. अडचण आहे ती संख्येची. साडेसात मिलिलिटर रक्तात साडेतीन हजार कोटींच्या आसपास तांबड्या आणि काही कोटी पांढऱ्या पेशी असतात. त्यांत कर्कपेशी असल्या तर बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या वेचायच्या तर खूण हवी. स्तन, आतडे अशा अवयवांच्या अस्तरपेशींवर ‘एपकॅम’ नावाचे प्रथिन असते, रक्तपेशींवर ते सहसा नसते. म्हणून एपकॅमला चिकटणारी प्रतिपिंडे चुंबकीय कणांवर बसवून या पेशी ओढून घेतात. मग पेशीत ‘सायटोकेरॅटिन’ आहे आणि पांढऱ्या पेशींची ‘सीडी-४५’ ही खूण नाही, याची खात्री करतात. पुण्यात विकसित झालेली ‘ऑन्कोडिस्कव्हर’ चाचणीही एपकॅमचाच आधार घेते.

युक्ती सुरेख आहे, पण गाठीतून सुटून निघालेल्या काही पेशी नेमके एपकॅमच गमावतात. म्हणजे ज्या पेशी पसरण्यात तरबेज, त्याच गळातून निसटण्याचा संभव.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. अशा पहिल्या चाचणीला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली, ती स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या रुग्णांसाठी. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक कर्कपेशी असणाऱ्या स्त्रियांचे आयुर्मान कमी दिसले. मग उपचार लवकर बदलले तर? उपचारांच्या पहिल्या फेरीनंतरही ही संख्या न उतरलेल्या १२३ स्त्रियांवर हा प्रयोग झाला. २०१४ मध्ये निष्कर्ष आला : औषध लगेच बदलल्याने आयुष्य वाढले नाही. खूण खरी होती, पण त्या प्रयोगात तिचा रुग्णाला उपयोग झाला नाही.

निरोगी माणसांची चाचणी हा तर निराळाच प्रश्न. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनकर्करोग-चाचणीला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. ही गौरवाची गोष्ट खरी. परंतु या दर्जाने तपासणीची प्रक्रिया जलद होते, तो म्हणजे मान्यता नव्हे.

पुढील गणित वर्गात अवश्य करून घ्यावे. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एका तालुक्यात १ लाख प्रौढ, त्यांपैकी २०० जणांना कर्करोग. चाचणी १०० रुग्णांपैकी ९० ओळखते आणि १०० निरोग्यांपैकी ९५ जणांना बरोबर ‘नाही’ सांगते. रुग्ण सापडतील १८०, आणि विनाकारण घाबरतील ४,९९०! म्हणजे ‘आहे’ असे उत्तर मिळालेल्या शंभरांत खरे रुग्ण तीन-चारच. रत्नागिरीच्या एखाद्या वाडीतल्या माणसाला या एका शब्दापायी मुंबईच्या किती खेपा घालाव्या लागतील, मजुरी किती बुडेल, हे त्या अहवालात लिहिलेले नसते.

याच्या शेजारी मुंबईतला एक प्रयोग ठेवून पाहावा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांना त्यात घेतले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी तपासले. बारा वर्षांनी त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. साधन साधे होते, पण मोजले ते मृत्यू. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने खेड्यांत नेलेली तपासणीही याच जातीची आहे.

नव्या चाचण्यांना विरोध करण्याचे कारण नाही. ज्ञात रुग्णाची प्रगती पाहण्यास त्या उद्या मोलाच्या ठरतीलही. पण त्यांनाही हीच कसोटी लावायला हवी. विद्यार्थ्याने अशी बातमी वर्गात आणली, की ‘किती टक्के अचूक?’ एवढ्यावर थांबू नये. चाचणी कोणाची केली, आणि तिच्यामुळे किती जण वाचले, हेही त्याला शोधायला सांगावे.