दहावा डाव: नवं नेमकं काय होतं?

न्यूयॉर्क, १९९५. जगज्जेतेपदाच्या सामन्यातला कास्पारोव्ह-आनंद दहावा डाव. बुद्धिबळ खेळत असाल तर या डावाबद्दल एकच गोष्ट ऐकली असेल: कास्पारोव्हने काय हत्ती दिला! माझ्या मते हे कौतुक चुकीच्या खेळीला मिळतं. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी तर हा डाव जरा वेगळ्या नजरेने बघायला हवा.

ओपनिंग होतं ओपन स्पॅनिश. त्यातली अकरावी खेळी, घोडा जी५, जुनीच. कार्पोव्हने ती १९७८ साली बागियोत कोर्चनॉयविरुद्ध खेळली होती. सहाव्या डावात आनंदने हीच वाट धरली आणि डाव बरोबरीत सुटला. दहाव्यात तो पुन्हा त्याच वाटेने गेला. आता मात्र चौदाव्या खेळीला कास्पारोव्हने घोड्याऐवजी उंट हलवला: उंट सी२. ही कल्पना ताल यांची, असं सांगितलं जातं. आनंद जवळजवळ पाऊण तास विचार करत बसला. पुढची खेळी घोडा बी३. मग हत्ती गेला, काळा राजा मधेच अडकला आणि एकविसाव्या खेळीला पांढऱ्याने समोरचा हत्ती उचलला. ३८ खेळींत डाव संपला.

म्हणजे बघा, हत्ती देणं हा फक्त परिणाम होता. खरं काम झालं दोन डावांच्या मधे, घरी बसून, जुनं सगळं पुन्हा तपासताना. छापलेल्या डावात ते काम दिसत नाही. छापलेल्या शोधनिबंधात तरी कुठे दिसतं? आपण निष्कर्ष वाचतो आणि ‘याला हे सुचलं कसं’ म्हणत स्वतःला कमी लेखतो.

आनंदची बाजूही बघा. पटावर तो कमी पडला असं मला वाटत नाही. पण एकदा टिकलेली वाट त्याने पक्की धरली. तुमचा प्रयोग एकदा जमला की तुम्हीही हेच करता ना? एक बरोबरी म्हणजे सिद्धता नव्हे.

आणि उलटही खरं. या एका डावाने ओपन स्पॅनिश मोडीत निघालं नाही. ते आजही खेळलं जातं. चुकीची ठरली ती एक फांदी, अख्खं झाड नाही. तुमच्या निष्कर्षाची हद्दही अशीच आखा.

आता डाव पुन्हा लावा. चौदाव्या खेळीवर थांबा आणि आधीचं किती जुनं होतं ते मोजा.